मारुतीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ

सोलापुरातल्या वर्तमानपत्राची नोकरी संपली आणि मी गावी राहायला गेलो. गाव अक्कलकोटच्या वाटेवर आहे. निम्मं गाव घरात कन्नड बोलतं, पंचायतीत मराठी बोलतं आणि भांडताना जी आधी सुचेल ती. मी गेलो त्याच महिन्यात ग्रामपंचायतीने मला विकास समितीवर घेतलं. ग्रामसेवकांनी कारण सरळ सांगितलं. समितीत लिहिता येणारा एक माणूस लागतो आणि गावातले बाकीचे लिहिता येणारे कामात असतात.

त्या वर्षी पंचायतीने बरीच कामं केली. शाळेमागे झाडं लावली. त्यातली शेळ्यांना आवडली नाहीत तेवढी जगली. मुख्य गल्लीत गटार बांधलं. आरोग्य शिबिर घेतलं. शिबिरात सगळ्यांत जास्त रक्तदाब तपासायला आलेल्या डॉक्टरांचाच निघाला, असं गावात सांगतात. मला त्याची खात्री करून घेता आली नाही. पण गावाने लक्षात ठेवलं ते एकच काम, बसथांब्याच्या शेडचं.

सरपंचपद त्या वेळी महिलेसाठी राखीव होतं. निवडून आलेल्या बाई आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या. गावातली निम्मी तरुण पोरं त्यांच्या हातची खिचडी खाऊन वाढलेली, त्यामुळे त्यांच्यासमोर आवाज चढवताना भल्याभल्यांना अडचण व्हायची. त्यांचे यजमान सुरुवातीला सभेत त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बाईंनी त्यांना चहा सांगायला पाठवलं, परत आल्यावर पाण्याचं विचारायला पाठवलं. तिसऱ्या सभेपासून ते आलेच नाहीत.

निवडणुकीत बाईंनी एकच शब्द दिला होता. बस नाही म्हणून गावातल्या एकाही मुलीचं कॉलेज सुटणार नाही. त्या वेळी रोज सोलापूरला कॉलेजला जाणारी मुलगी गावात एकच होती, शिंप्याची. तिचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू होणार होतं. शिंप्याचं दुकान रस्त्यालगत होतं. तो घरात उर्दू बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मशीनशी दोन्ही. मुलीला शिकवायला त्याची ना नव्हती. पण सहा आसनांच्या जीपमध्ये चौदाजणांत कोंबून तिने जायचं, हे त्याला मान्य नव्हतं. एसटीच्या लाल गाडीने जाईल तर जाईल, नाहीतर घरी बसेल, असं त्याने बाईंना तोंडावर सांगितलं होतं.

लाल गाडी थांबायची ती लिंबाच्या झाडाखाली, माणूस दिसला तर. पावसात माणसं झाडाखालून शिंप्याच्या पत्र्याखाली पळायची आणि गाडी पुढे जायची. म्हणून मे महिन्यातल्या ग्रामसभेत शेडचा विषय आला. तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा, आत सिमेंटचं बाकडं, चौथी बाजू उघडी. खर्चावर कोणी बोललं नाही. जागेवर कोणी बोललं नाही. वाद झाला तो उघडी बाजू कुणीकडे ठेवायची, यावर.

हा वाद जॉबरने काढला. जॉबर म्हणजे सोलापूरच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा. गिरणीत एका पाळीच्या विणकरांवर देखरेख करायचे, तेव्हापासून गाव त्यांना जॉबरच म्हणतं. तोंडावर मात्र ‘अज्जा’ म्हणायचं. गिरणीतून निवृत्त झालेले आणखी सातआठ म्हातारे त्यांच्याभोवती असायचे. लिंबाखाली दिवसभर बसणारी मंडळी हीच. शेड प्रवाशांसाठी असली तरी बसणार कोण, हे सगळ्यांना माहीत होतं.

जॉबर उभे राहिले आणि त्यांनी जागेची चतुःसीमा सांगितली. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला मारुतीचं देऊळ. तोंड रस्त्याकडे केलं तर बसणाऱ्याची पाठ मारुतीकडे येणार. सभेला हे पटलं. मग कोणी सुचवलं की शेड आडवी बांधा, तोंड दक्षिणेला. जॉबर म्हणाले, तर मग पाठ उत्तरेच्या दर्ग्याकडे होते. शिंपी उठून म्हणाला, आमची काही हरकत नाही.

“तुझी नसंल,” जॉबर म्हणाले. “आमची हाय. आमी तितं उरसाला जेवतोय.”

राहिली उत्तर. उत्तरेकडे तोंड केलं की पाठ दक्षिणेच्या स्मशानभूमीकडे, आणि तिथं सगळ्यांचे बापजादे. त्यांच्याकडे पाठ करून बिडी ओढत बसायचं हे कोणालाच बरं वाटेना. चारी दिशांचा असा विचार झाल्यावर जिला कोणी कधी नवस बोललेलं नाही अशी एकच गोष्ट उरली, ती रस्ता. ठराव एकमताने झाला. तोंड मारुतीकडे, पाठ रस्त्याकडे. बाईंनी एकदा विचारलं की मग गाडी कशी दिसायची. जॉबर म्हणाले, गाडी ऐकू येते. सभा हसली आणि पुढच्या विषयावर गेली. मीही हसलो. ठरावाखाली माझीही सही आहे.

ऑगस्टमध्ये शेड झाली. मजबूत झाली. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी डोंगर, सूर्य, मोर आणि स्वच्छतेचा संदेश रंगवला. भिंतीला लागून नवं गटार, गटाराला लागून डांबर. जिल्ह्यात आदर्श गावांची स्पर्धा चालू होती. ग्रामसेवकांनी देवळाच्या पायरीवरून फोटो काढला. बाकड्यावर जॉबर आणि मंडळी ओळीने, सगळ्यांच्या टोप्या सरळ. तो फोटो त्याच दुपारी वर पाठवला गेला आणि काम पूर्ण झालं म्हणून नोंद झाली.

मग कॉलेज सुरू झालं. पहिल्या सोमवारी शिंप्याची मुलगी शेडमध्ये बसली. म्हाताऱ्यांनी तिला सरकून जागा दिली. मागून मोठा आवाज आला आणि गेला. ती उठून भिंतीला वळसा घालून रस्त्यावर येईपर्यंत गाडी पुढच्या पुलावर होती.

ड्रायव्हरचं काही चुकत नव्हतं. त्याला वरून सांगितलेलं होतं की शेड झाली आहे, आता थांबा शेडपाशीच, झाडाखाली नाही. तो वळणावरून यायचा, शेडकडे बघायचा. त्याला डोंगर, सूर्य आणि मोर दिसायचा, माणूस दिसायचा नाही. कंडक्टरने एकदा मला सोलापूरच्या स्टँडवर सांगितलं की तुमच्या गावचं चित्र फार छान आहे, पण लोक शेड वापरत नाहीत वाटतं.

मुलीने रस्त्यावर उभं राहून पाहिलं. तिथं उभं राहायला जागा म्हणजे मालट्रकांच्या वाटेतच. एका ट्रकच्या सुटलेल्या दोराने तिच्या खांद्यावरची बॅग ओढून गटारात नेली. दुकानातून शिंप्याने ते पाहिलं. त्याच दिवशी त्याने सांगितलं की डांबरावर पाय ठेवायचा नाही, उभं राहायचं तर शेडमध्ये. शेडमध्ये थांबलं की गाडी मिळायची नाही. कधी गाडीतल्या कोणाला गावात उतरायचं असलं तरच मिळायची. दिवाळीच्या आधी कॉलेजने कळवलं की हजेरी अशीच राहिली तर सत्राच्या परीक्षेला बसता येणार नाही. शिंपी म्हणाला, परीक्षा नाही तर कॉलेजही नाही, बास झालं. मुलगी दुकानात बापाच्या समोर बसून बटणांची काजं करायला लागली. काजं चांगली करायची, म्हणून बापाला आणखीच राग यायचा.

बाईंनी मागची भिंत पाडायचं सुचवलं. ग्रामसेवक म्हणाले, “मॅडम, फोटो वर गेलाय.” तपासणी व्हायच्या आधी पूर्ण झालेलं काम पाडलं, तर ते अपूर्ण ठरतं की अतिक्रमण, हे त्यांना कुठल्याच परिपत्रकात सापडत नव्हतं. गुरुजींना मोराची काळजी. जॉबरचं म्हणणं, मागून ट्रकांची धूळ येईल आणि पाठीला वारा लागेल. गाडीने ज्यांना कुठं जायचंच नव्हतं, त्यांच्या दृष्टीने शेडमध्ये काहीच कमी नव्हतं. बाईंनी विषय वाढवला नाही. एवढंच म्हणाल्या की बघू, नोव्हेंबर येऊ दे. नोव्हेंबरचं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

नोव्हेंबरात गिरणीच्या पेन्शनवाल्यांना सोलापुरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस समोर उभा राहतो, अंगठा देतो आणि आणखी एक वर्ष जिवंत धरला जातो. दरवर्षी बाईंच्या दिराचा टेम्पो सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन जायचा. येताना नवी पेठेत चहा आणि भजी व्हायची. वर्षातली त्यांची ती एकच सहल. यंदा बाईंनी निरोप पाठवला की टेम्पो लग्नाच्या भाड्याने अकलूजला गेला आहे. लाल गाडी आहेच आणि वय झालेल्यांना ती फुकट आहे.

मलाही त्या दिवशी शहरात काम होतं, म्हणून मी शेडमध्ये होतो. म्हातारे आंघोळ करून, धुतलेली धोतरं नेसून, कागदं पिशवीत घालून ओळीने बसले होते. शिंप्याची मुलगी कडेला उभी होती. बाईंनी बापाकडून तिच्यासाठी तेवढ्या एका दिवसाची परवानगी मागून घेतली होती.

पहिली गाडी गेली. जॉबर म्हणाले, ट्रक होता. थोड्या वेळाने दुसरी गेली. तिचा हॉर्न वाजला, त्यामुळे ट्रक म्हणता येईना. ती अक्कलकोटकडे जाणारी असणार, असं त्यांनी ठरवलं. तिसरी गेली तेव्हा मुलगी म्हणाली, “अज्जा, गाडी गेली.”

“कुटं?”

“तुमच्या पाठीमागून.”

मग जॉबर स्वतः उठले. गटार ओलांडून डांबरावर उभे राहिले आणि पुढची गाडी दिसताच डोक्यावरची टोपी काढून हलवू लागले. शेडपासून ते चांगलेच लांब, वळणाच्या तोंडाशी गेले होते. ड्रायव्हरने म्हाताऱ्याला ओळखलं, हसून हात केला आणि शेडकडे पाहिलं. शेडमध्ये कोणी दिसेना, तसा तो पुढे गेला. जॉबर टोपी हातात धरून शेडपाशी परत आले. मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी कन्नडमध्ये काहीतरी बोललं आणि सगळी ओळ हलली. काय ते मला नीट ऐकू आलं नाही, पण जॉबरना आलं.

ते तडक पंचायतीत गेले. आम्हीही मागोमाग गेलो. बाई टेबलाशी बसून पाण्याच्या टाकीचं काही बघत होत्या. जॉबर खुर्चीवर बसले नाहीत.

“टेम्पो कुटं हाय?”

“सांगितलं की अज्जा, अकलूजला.”

“गाडी थांबत न्हाई.”

“थांबंल. माणूस दिसाय पायजे तिला.”

“आट जण बसलोय आमी. दिसत न्हाई व्हय?”

“मारुतीला दिसताय,” बाई म्हणाल्या. “डायवरला न्हाई.”

कोणी हसलं नाही. जॉबर म्हणाले की बँकेत जाऊन आपण जिवंत आहे म्हणून सांगायचं आणि गावातच ड्रायव्हर म्हणतो शेडमध्ये कोणी नाही, हे बरोबर दिसत नाही. बाई म्हणाल्या, त्या पोरीचं तेच चाललंय, ऑगस्टपासून. जॉबरनी दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिला कॉलेजला रोज जावं लागतं का, असं त्यांनी विचारलं. रोज जावं लागतं, असं ती म्हणाली. हे त्यांना बहुधा त्या दिवशीच कळलं. गिरणीत एक खाडा झाला की बदली कामगार दारात उभा असायचा, असं काहीतरी ते स्वतःशी बोलले आणि बाहेर पडले.

टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी अकलूजहून परत आला. एवढ्या लांबून आलेल्या टेम्पोवर धूळ कशी नाही, हे मी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी बाईंच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली टेम्पोच्या आकाराचं काहीतरी मी पाहिलं होतं. पण एकाच सूत्रावर बातमी द्यायची नाही, ही जुनी सवय.

त्याच आठवड्यात सभा झाली. भिंत पाडायची सूचना जॉबरनी मांडली, आपल्याला आधीपासून असंच वाटत होतं अशा आवाजात. शेड फिरवायची नाही. तोंड मारुतीकडेच राहील. फक्त मागची भिंत काढायची, म्हणजे देवाला तोंडं दिसतील आणि ड्रायव्हरला पाठी. वाऱ्याचं काय, असं कोणी विचारलं. जॉबर म्हणाले, अंगात बंडी घाला. ग्रामसेवकांनी पुन्हा फोटोची आठवण केली.

“फोटोत काय दिसतंय?” बाईंनी विचारलं.

ग्रामसेवकांनी मोबाइल काढून पाहिलं. फोटोत बाकड्यावर आठ म्हातारे खांद्याला खांदा लावून बसले होते. त्यांच्यामागे भिंत होती हे खरं, पण तिची फारच थोडी दिसत होती.

“तपासणीच्या दिवशी असंच बसा,” बाई म्हणाल्या. “जरा सरकून.”

भिंत पाडली. गुरुजींनी मोर शाळेच्या भिंतीवर पुन्हा काढला, पहिल्यापेक्षा मोठा. तपासणीला आलेली मंडळी देवळाच्या बाजूने आली. म्हातारे इतके दाटीने बसले होते की मधून सूर्यप्रकाशही जात नव्हता. एका साहेबांनी विचारलं, सगळे रस्त्याकडे पाठ करून का बसलात? जॉबरनी उलट विचारलं की रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे, साहेब.  गावाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

इकडे बाई मुलीला आणि तिच्या बापाला घेऊन कॉलेजात गेल्या. प्राचार्यांना त्यांनी शेडची हकीकत पहिल्यापासून सांगितली. शिंपी सांगत होता की प्राचार्य चारी दिशा ऐकेपर्यंत गंभीर होते, पुढे त्यांना रुमाल काढावा लागला. शेवटी ते म्हणाले की इथून परीक्षेपर्यंत एकही दिवस चुकला नाही तर बसू देईन. एक जरी चुकला तर माझा इलाज नाही. शिंप्याने तीच अट घरात पुन्हा सांगितली. एक दिवस चुकला की काजं.

आणि इथेच नवा घोळ झाला. गाडी आता थांबायला लागली, पण ती सगळ्यांसाठी थांबायला लागली. ड्रायव्हरला आठ पाठी दिसायच्या. तो ब्रेक मारायचा. कंडक्टर दार उघडून विचारायचा, “कुठं जायचं?” पाठी वळायच्या नाहीत. एखादा म्हातारा मान न वळवता म्हणायचा, “न्हाई, बसलोय.” दिवसभर हेच चालायचं. दहाबारा दिवसांत ड्रायव्हर वैतागला. त्याने बाईंना निरोप दिला की तुमच्या गावातल्या पाठींवर आता माझा विश्वास उरलेला नाही. उद्यापासून कोणी हात केला तरच थांबेन. हात करायचा तर डांबरावर यावं लागणार, आणि डांबरावर यायची मुलीला बंदी. परीक्षा तोंडावर आली होती.

बाईंनी जॉबरना बोलावलं नाही. त्या स्वतःच शेडकडे गेल्या आणि बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. काय झालं ते सांगितलं. जॉबरनी हातातली बिडी विझवली. मग त्यांनी विचारलं की पोरीची गाडी किती वाजता. बाईंनी सांगितलं.

“मग पयली पाळी तिची,” ते म्हणाले. “ती गाडीत बसस्तवर आमच्यातला एक बी हितं बसणार न्हाई. पाठ दिसली की पॅसेंजर. डायवरला सांगा.”

बाकीच्यांनी कुरकुर केली. सकाळचं ऊन शेडमध्येच चांगलं येतं, आता कुठं बसायचं? जॉबर म्हणाले, लिंबाखाली. ज्याला दुसरी पाळी नको असेल त्याने घरी बसावं. गिरणीतला तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. म्हातारे निमूट लिंबाखाली गेले.

परीक्षेपर्यंत रोज सकाळी मुलगी एकटी त्या लांबलचक बाकड्यावर बसायची. गाडी थांबायची. एकदा अक्कलकोटहून आलेला कोणी पाहुणा तिच्या शेजारी बसायला गेला. लिंबाखालून चारपाच जण एकदम उठले आणि त्याला कुठं जायचंय म्हणून विचारू लागले. तो खरोखरच सोलापूरला जाणारा निघाला, म्हणून बसू दिलं. परीक्षेच्या पहिल्या दिवशी गाडीला उशीर झाला, तेव्हा जॉबर कंडक्टरशी भांडले. पोरीचा पेपर आहे हे तुला माहीत नाही का, असं ते त्याला विचारत होते. त्याला कसं माहीत असणार? पण त्याने माफी मागितली.

एकही दिवस चुकला नाही. पेपर झाले.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर वर्षभराच्या कामांचं वाचन माझ्याकडे होतं. झाडं, गटार, शिबिर, शेड. शेडपाशी आलो तेव्हा मागून कोणीतरी खोकलं, पण मी थांबलो नाही. वाचन संपल्यावर ऐनवेळचे विषय आले. शिंपी उभा राहिला. ग्रामसभेत तो स्वतःसाठी काही मागायला उभा राहिल्याचं मी पाहिलं नव्हतं. शेडपाशी एक दिवा बसवावा, अशी त्याने मागणी केली. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला प्रयोग उशिरापर्यंत चालतात, संध्याकाळची गाडी अंधारात येते.

ग्रामसेवकांनी विचारलं की दिवा कायमचा पाहिजे का तात्पुरता, कारण दोन्हीचं मंजुरीचं खातं वेगळं असतं. शिंप्याने बाईंकडे पाहिलं.

“दीड वर्ष धरा, अक्का,” तो म्हणाला. “पन पुढं आनखी शिकते म्हनली, तर वाढवता यील असं धरा.”

बाईंनी ग्रामसेवकांना सांगितलं, कायमचा लिहा.